मागच्या बाकावरची मुलगी

बी.एड.च्या विद्यार्थ्यांना इतिहास-भूगोल कसा शिकवावा हे अण्णांनी, माझ्या वडिलांनी, आयुष्यभर सांगितलं. ते गेल्यावर त्याच महाविद्यालयातलं ते काम माझ्याकडे आलं. नव्व्याण्णव सालच्या डिसेंबरात सदाशिव पेठेतल्या एका शाळेत मी आम्रपालीचा सराव पाठ पाहायला मागच्या बाकावर बसले.

"माणसं नदीकाठीच का राहायला आली?" तिने मुलांना विचारलं आणि ती थांबली. हात कानाशी गेला, चिमटीत काहीतरी धरल्यासारखा खाली आला. अण्णा असाच चष्मा काढायचे. आम्रपालीला चष्मा नव्हता. अण्णांना तिने कधी पाहिलंही नव्हतं.

"ते थांबणं आधी बंद करा तिचं," पाठानंतर आमच्या महाविद्यालयाच्या प्राचार्या सरोजिनीबाई मला म्हणाल्या. "बाहेरचे परीक्षक समजतील, बाई पाठ विसरल्या. नापास करतील. निम्मा वर्ग कॉम्प्युटर क्लासला पळालाय, उरलेत ते तरी पास होऊ देत."

मी आम्रपालीला बोलावलं. हात कानाशी नेऊन दाखवला.

"हे कुठे शिकलीस?"

"अगं बाई, असं करते मी?" ती हसली. "आमचे रंगराव सर करायचे, कात्रजच्या शाळेत. त्यांना बघूनच ठरवलं मॅडम, शिकवायचं तर असं."

रंगराव अण्णांचे विद्यार्थी. मला हायसं वाटलं.

"त्यांना चष्मा होता?"

"छे."

"आणि इतका वेळ थांबतेस का?"

"सर म्हणायचे, मागच्या बाकावर एक छोटी मुलगी बसलीय असं समजायचं. तिला कळेपर्यंत पुढे जायचं नाही."

आई लवकर गेली. मला सांभाळायला घरी कुणी नव्हतं, म्हणून अण्णा मला वर्गात नेऊन मागच्या बाकावर बसवायचे. हे मी तिला सांगितलं नाही. थांबणं सोड, हेही जमलं नाही. पुढच्या पाठाच्या शेऱ्यात लिहू, असं ठरवलं.

पुढच्या पाठाला तिने प्रश्न विचारला. हात कानाशी गेला. मी पेन उघडलं.

ती मागे पाहत होती. माझ्याकडे नाही, माझ्या डावीकडे, जरा खाली, लहान मुलीचा चेहरा असतो तिथे. पुढची मुलंही वळून तिकडेच पाहू लागली.

"कळलं?" तिने हळूच विचारलं.

'थांबणे टाळावे' एवढंच लिहायचं होतं. मी पेन बंद केलं आणि बाकावर उजवीकडे सरकले.

आम्रपालीने मान हलवली, आणि पुढे शिकवू लागली.