अप्पांनी पारखलेली बॅटरी

ईश्वरअप्पांना माझ्याकडून एकच फायदा हवा होता: लेकीने पुन्हा मोकळ्या तोंडाने 'अप्पा' म्हणावं. तीन आठवडे त्रिवेणी त्यांच्याशी कामापुरतंच बोलत होती. 'पोरीच्या जातीला बंदुकीचा खेळ कशाला?' हे एक वाक्य त्यांना चांगलंच भोवलं होतं.

मित्रांनो, मी एक जुनी बॅटरी आहे. हातात धरायची नव्हे, बंदुकीच्या नळीखाली बसवायची. घाबरू नका, बंदूक खेळातली, प्लास्टिकचे मणी उडवणारी. या खेळाला एअरसॉफ्ट म्हणतात आणि जाड चष्मा लावल्याशिवाय त्यात कुणाला उतरू देत नाहीत. सेलूत बजरंगभाऊ तो बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या अंधाऱ्या गोदामात खेळवतात. नांदेडच्या सामन्याला पाच जण जायचे होते. चौघे ठरले होते. पाचव्या जागेसाठी रविवारी त्रिवेणी आणि हरिओमची चाचणी होती.

माझं अंग कुठल्या कारखान्यात घडलं ते आठवत नाही. जाग आली ती परभणीच्या एका दुकानात, काचेच्या कपाटात. शेजारी एक बुटकी, हलकी बॅटरी होती. तिचा उजेड जवळच पडे, पण पसरट. मी लांब, जड, आणि माझा उजेड सुतासारखा सरळ. मला गर्व होता, खोटं कशाला सांगू?

अप्पा आले तेव्हा दुकानदार म्हणाला, "गोदामात खेळायचंय ना अप्पा? मग ही बुटकी न्या. दाबलं की लागती, सोडलं की विझती."

अप्पा स्वतः शेतीची अवजारं विकतात. ते गालात हसले. "मीबी दुकानच चालवतो, बाबा. जो माल खपंना, तोच आधी गिऱ्हाइकापुढं सरकवायचा, व्हय ना?"

"तसं न्हाई, अप्पा..."

"ऱ्हाऊ दे. दोन्ही दारात आण."

तिन्हीसांज झाली होती. अप्पांनी दोघींचा उजेड रस्त्यापलीकडच्या पाण्याच्या टाकीवर मारला. आमच्याकडे बॅटरी अशीच पारखतात. बांधापलीकडचं रानडुक्कर दिसलं तर ती बॅटरी. बुटकीचा उजेड रस्त्यातच संपला. माझा टाकीची शिडी चढून गेला.

"हीच!" अप्पा म्हणाले. मी फुगले.

घरी त्रिवेणीने मला हातावर तोललं, बटण दाबून पाहिलं. एकदा लागले की पुन्हा दाबेपर्यंत मी विझत नाही. तिला तेवढ्यात सगळं कळलं. 'बदलून आणू' हे शब्द तिच्या ओठांवर आलेही असतील. पण समोर अप्पा उभे होते, निकालाची वाट पाहणाऱ्या पोरासारखे.

"लय छान हाय, अप्पा," ती म्हणाली.

रविवारी गोदामात कापसाची बारीक धूळ तरंगत होती. मी लागले आणि माझा उजेड तिच्यात पांढऱ्या काठीसारखा उभा राहिला. काठीचं एक टोक थेट त्रिवेणीपाशी. मी दूरची भिंत लख्ख केली. दोन हातांवर पोत्यांआड बसलेला हरिओम मात्र मला दिसलाच नाही. तिचा अंगठा बटणावर पोचायच्या आत दोन मणी तिच्या जाकिटावर आपटले. बाद झाल्याची खूण म्हणून तिने स्वतःच हात वर केला.

"ताई, तू तर सोताचा पत्ताच सांगायलीस की!" हरिओम हसला.

"कुणी निवडली ही?" बजरंगभाऊ म्हणाले. "डुकरं हाकायला आलीस का?"

सगळे खो खो हसले.

"मीच निवडली," त्रिवेणी म्हणाली.

घरी अप्पा दारातच होते. "उजेड पडला का नीट?"

"लय लांब पडला, अप्पा."

"मग?"

"हरिओम माझ्यापरीस चांगला खेळला."

त्याला आता काही वर्षं झाली. मी अप्पांच्या दुकानात खिळ्याला टांगलेली असते. गिऱ्हाईक आलं की अप्पा मला पुढं करतात. "लेकीसाठी म्या सोता पारखली." माझे सेल आतल्या आत पाझरले आहेत, बटणावर गंज चढलाय, पण ते पाहायचं कुणाला सुचत नाही. मित्रांनो, वापर संपला की आमचे सेल काढून ठेवा. आणि आम्हाला निवडताना टाकीवर उजेड मारू नका. जिच्या हातात आम्ही जाणार, तिला आधी विचारा.

हिशेब म्हणाल तर अप्पांना बोलती लेक मिळाली, हरिओमला नांदेड, बजरंगभाऊंना हसायला निमित्त आणि मला फुकटचा मान. किंमत एकट्या त्रिवेणीने मोजली, आणि अप्पांना ती अजून माहीत नाही.