दुसरा उंचवटा

वीतभर लांबीची पोलादी नळी, तिच्या पोटावर कोरलेला बाण, दोन्ही तोंडांना प्लास्टिकची बुचं... शशिकलानं ती खिडकीच्या उजेडात धरली आणि नकळत नळीऐवजी स्वतःच्या हाताकडेच पाहत राहिली. हात स्थिर होता. हल्ली ती सगळ्यांचेच हात पाहत असे, बसच्या दांडीवरचे, भाजीवालीचे, देवापुढे जोडलेले.

गोविंदपुऱ्यातल्या त्या छोट्या औषध कारखान्यात रक्तदाबाच्या गोळ्या बनत, आणि त्यांची तपासणी शशिकलाकडे होती. औषधाचं द्रावण अशा नळीतून, म्हणजे कॉलममधून, दाबानं ढकलायचं. आतल्या भुकटीला एकेक पदार्थ कमी-जास्त वेळ चिकटून राहतो, वेगवेगळा बाहेर येतो, आणि कागदावर पेन एकेक उंचवटा काढत जातं. नेहमीचा कॉलम फक्त तेलकटपणा पारखणारा. त्यावर या औषधाचा एकच उंचवटा यायचा, सरळ, सुईसारखा. दिवाळीनंतर कच्चा माल नव्या व्यापाऱ्याकडून येऊ लागला, आणि उंचवट्याचा पाया किंचित पसरट दिसायला लागला.

“कॉलम म्हातारा झालाय, दुसरं काय!” असं प्रयोगशाळेचे प्रमुख विलासराव म्हणाले होते. असेलही. पण समजा त्या एका उंचवट्याच्या पोटात दोन पदार्थ असले तर? तेच अणू, तितकेच, फक्त रेणूतल्या वलयावरचा क्लोरीन एक घर सरकून बसलेला. दोघांचा तेलकटपणा जवळजवळ सारखा, मग तो कॉलम त्यांना वेगळं ओळखणार कसा? एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमा असलेले रेणू वेगळे करणारा महागडा कॉलम इथे कामाचा नव्हता. इथे हवा होता वलयाशी वलय भिडवून पाहणारा, भुकटीवर फिनिलची वलयं बसवलेला. तो कपाटात होता, न उघडलेला.

—आणि तिच्या नवऱ्याला, नीळकंठलाही, याच कारखान्याची ती गोळी दिवाळीनंतरच सुरू झाली होती.

सकाळी बशीत कप वाजला होता. बारीक, सतत. “थंडी आहे,” नीळकंठ म्हणाला, आणि अंगणात तर ऊन पायरीपर्यंत आलेलं, क्वार्टरच्या ओळीत कुणाकुणाचे पंखेही सुरू झालेले. तिनं “हो” म्हटलं. दोघांनाही तेव्हा नागपूरचं घर दिसलं असणार, खाटेवर बसलेले सासरे, चमच्यातलं वरण तोंडापर्यंत पोचेपर्यंत सांडणारं. त्यांचंही कपबशीपासूनच सुरू झालं होतं. कंपवाताचं नाव मात्र या घरात कुणी काढत नव्हतं. मोठ्या कारखान्यात टर्बाइनची मापं तपासणारा नीळकंठ हल्ली सही करताना दार लोटून घेतो, हे तिला त्याच्या सहकाऱ्याच्या बायकोकडून कळलं होतं.

“शशिकलाबाई, तपासणीच्या मेथडमध्ये नेहमीचा कॉलम लिहिलाय ना? मग ही खामखाँ झंझट कशाला?” विलासराव दारात उभे होते.

“एकदा बघते, साहेब. मन मानत नाही.”

“बघा. पण माल आज निघणार.”

तिनं बाणाची दिशा पाहून कॉलम चढवला, मिथेनॉलनं धुतला, रेघ सपाट व्हायची वाट पाहिली. आधी जुना, दिवाळीपूर्वीचा राखून ठेवलेला माल. एकच उंचवटा... म्हणजे कॉलम निर्दोष. मग नवा माल. पेन चढलं, उतरलं, तळाशी टेकलं, आणि थोडं थांबून पुन्हा चढलं. लहान, पण स्वतंत्र. शेवटी तिनं पदराच्या गाठीतून घरची गोळी काढली, खलात कुटली, विरघळवून गाळली, कॉलमात सोडली. पुन्हा दोन.

आणि तिला आनंद झाला.

रडू यावं असा आनंद... गोळीच आहे! त्याच्या रक्तात नाही, त्याच्या वडलांकडून आलेलं नाही! मग खिडकीबाहेर टेम्पोत चढणारी खोकी दिसली, आणि आनंद जागच्या जागी गार झाला. किती घरांत ही गोळी रोज गिळली जाते. आणि मी त्या लोकांसाठी कॉलम बदलला होता का? की मला काहीतरी सापडायलाच हवं होतं? पाया पसरला नसता, तरी मी तो कॉलम चढवलाच असता...

विलासरावांनी कागद टेबलावर पसरून दुसऱ्या उंचवट्यावर बोट ठेवलं. “हे दुसरं काय करतं शरीरात, माहीत आहे तुम्हाला?”

“नाही.”

“मलाही नाही. कदाचित काहीच करत नसेल. बाहेरच्या लॅबला पाठवू.”

“तोवर माल थांबवा, साहेब.”

“कुठल्या आधारावर थांबवू?” ते आवाज न चढवता म्हणाले. बाहेर टेम्पो सुरू झाला.

संध्याकाळी नीळकंठ ओट्यावर मटार सोलत बसला होता, दाणे परातीत कमी आणि जमिनीवर जास्त. ती समोर बसली. “आता ती गोळी घेऊ नका. उद्या डॉक्टरांकडून दुसऱ्या कंपनीची लिहून घेऊ.”

“का गं?”

तिनं सगळं सांगितलं, दोन उंचवटे, क्लोरीन, नवा व्यापारी. “म्हणजे... हे गोळीनं होतंय?” त्यानं ‘हे’ म्हटलं. प्रथमच. दोन्ही हात पुढे धरले, लाज न बाळगता, आणि ते थरथरत होते.

“बाबांसारखंच होणार म्हणून मी आतल्या आत मेलो होतो गं.” तो हसला, डोळे पुसले, परत हसला. “गोळी सोडली की थांबेल ना?”

तिला माहीत नव्हतं. त्या दुसऱ्या उंचवट्याला अजून नावसुद्धा नव्हतं.

“थांबेल,” ती म्हणाली.

तो उठला, शेजारच्यांना हाक मारून काहीतरी थट्टा करू लागला, कित्येक महिन्यांत न ऐकलेल्या मोठ्या आवाजात. ती जमिनीवरचे दाणे वेचत राहिली. उद्या कारखान्याच्या मालकाकडे जायचं, माल परत मागवायला लावायचा, हे ठरत होतं, पण तेही दूर कुठेतरी. जवळ होता तो फक्त हा आवाज... हात थांबलेच नाहीत तर? दुपारचा आनंद आता नीळकंठमध्ये शिरला होता, आणि तिला त्या आनंदाची भीती वाटत होती, टेम्पोतल्या खोक्यांपेक्षाही जास्त.