राखेनं घासलेलं पिंप

"पिंप तू घासलंस गो?" बाबलीनं बायकोला विचारलं. आवाज चढलेला नव्हता, दमलेला होता.

"मगे? आंबूस वास येत होतो. आतलां पाणी ओतून दिलंय, राखेन घासून परत बावीचां भरलंय," देवकी म्हणाली. "चाळीस वर्सां फेणीच्या भाटीची भांडी अशीच घासतंय. कधी फेणी नासली?"

नासली नव्हती, हे आम्हा शेजाऱ्यांनाही ठाऊक. पण हे काम फेणीचं नव्हतं. प्रयोगशाळेतल्या गौरवीनं पिंपात मुद्दाम आंबट केलेलं पाणी ठेवलं होतं. त्यात चिरलेला पेंढा आणि एंझाइमचं औषध घालायचं. औषध पेंढ्यातली साखर सोडवणार, साखरेची दारू होणार, त्या दारूवर म्हणे गाड्या धावणार. गावात गुरं उरली नाहीत, पेंढा खाणार कोण? म्हणून बाबलीच्या शब्दावर दहा घरांनी आपापला पेंढा त्याच्या खळ्यात आणून टाकलेला. शुक्रवारपर्यंत साखर दिसली तर कारखान्याची गाडी आमच्या पार्शात येणार, नाही तर दुसऱ्या गावाला जाणार. देवकीनं बदललेल्या पाण्यातच शनिवारी पेंढा आणि औषध पडलं होतं; आज मंगळवार, आणि तीन दिवस ढवळूनही पेंढा होता तसाच कडक.

गौरवीनं कागदाची पट्टी बुडवून बघितली. "राखेनं आंबटपणा गेला, काकी. औषध मेलं."

"माका कोणी सांगलां?" देवकीनं डोळ्यांना पदर लावला.

सांगायचं बाबलीनंच होतं. आमच्याकडे पुरुष सगळं ऐकून येतात आणि घरात सांगायचं विसरतात. माझा घरवालाही त्यातलाच, म्हणून मला चीड आली.

औषधाचा अर्धाच डबा उरला होता. देवकीनं पिंप पाच पाण्यांनी धुतलं, गौरवीनं पाणी पुन्हा आंबट करून त्यात पेंढा आणि उरलेलं औषध घातलं. दोघं नवराबायको उन्हात आळीपाळीनं ढवळत राहिली. बुधवारी बाबलीच्या कमरेत उसण भरली, तेव्हापासून दांडा देवकीच्याच हातात.

"दमलंस तर बस," तो ओट्यावरून म्हणाला.

"बसून पेंढो मऊ होतलो?"

शुक्रवारी पेंढ्याचा पार लगदा झाला. गौरवीनं वेगळी पट्टी बुडवली, रंग पालटला. "आली साखर!" बाबलीला हसायचंही त्राण नव्हतं. तो नुसता मान हलवत बसला.

पुढच्या आठवड्यात गाडी आली. गाडीबरोबर घरोघर वाटायला छापील सूचना आल्या. देवकीनं मला वाचायला लावलं. पहिलीच ओळ होती, पिंप राखेने घासू नये.

"माझां नाव घातलां हा काय?"

"नाय गो."

"बरां झालां," ती म्हणाली, आणि भाटीचं भांडं पुढ्यात ओढून तिनं मूठभर राख घेतली.