मेणाखालचे पेच

मी एक जुना ट्रान्झिस्टर रेडिओ आहे, मित्रांनो. माझ्याहून मोठ्या आवाजाची यंत्रे आज घरोघरी आहेत, तेव्हा माझी गोष्ट कोणी ऐकेल की नाही, याची मला खात्री वाटत नाही. तरी सांगून पाहतो. कंटाळा आला तर बटन फिरवून मला बंद करता येते, एवढी सोय माझ्यात पहिल्यापासून आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला. माझ्या पोटात पत्र्याच्या तीन चिमुकल्या डब्या आहेत आणि प्रत्येकीच्या डोक्यावर एक बारीक पेच आहे. कारखान्यातल्या एका बाईंनी ते पेच कान देऊन, अगदी हलक्या हाताने फिरवले आणि त्यांवर मेणाचा एकेक थेंब सोडला. ते कशासाठी, हे मला तेव्हा कळले नाही. आपल्याच पोटातले आपल्याला कुठे कळते?

पालमच्या बाजारातून मला येडबांनी आणले. येडबा मेंढ्या राखतात. सुगी सरली की त्यांचा कळप रिकाम्या रानांतून गोदाकाठाकडे निघतो आणि पावसाळ्याच्या तोंडी घरी परततो. चामड्याच्या वेष्टनात, त्यांच्या खांद्याला लटकून मी ती सगळी राने पाहिली. संध्याकाळी परभणी केंद्र लागले की आसपासचे शेतकरी बातम्या ऐकायला तळावर येत. "येडबा, तुझ्या मेंढरापरीस तुझा रेडू शाना हाय," असे कोणी म्हणे. मला संकोच वाटे. बोलणारे दुसरेच होते, मी फक्त पोहोचवत होतो.

पुढे सगळ्यांच्या खिशात मोबाइल आले आणि तळावर माझ्यासाठी कोणी येईनासे झाले. येडबांनी मात्र मला सोडले नाही. त्यांची नजर आता अधू झाली आहे. मोबाइलची गुळगुळीत काच त्यांच्या बोटांना दाद देत नाही, माझे बटन मात्र अंधारातही सापडते. रानात त्यांच्याशी बोलणारे माझ्याखेरीज फारसे कोणी उरलेले नाही.

येडबांची नात दीपिका परभणीला इंजिनिअरिंग कॉलेजात शिकते. तिची शाखा विद्युत अभियांत्रिकीची. यंदा दिवाळीच्या सुट्टीत ती घरी आली, तेव्हा कळप निघायला आठवडाच उरला होता.

"औंदा काय शिकवायलेत गं तुला?" येडबांनी विचारले.

"अ‍ॅनालॉग कम्युनिकेशन, आबा. म्हंजे तुमचा रेडू कसा बोलतो ते."

"बटन फिरवलं की बोलतो. त्याला चार वर्सं लागत्यात व्हय?"

चुलीपुढे बसलेल्या सरजाबाई, म्हणजे दीपिकाची आजी, तोंडाला पदर लावून हसल्या. दीपिकाही हसली. मग आबांना दाखवावे म्हणून तिने माझे झाकण उघडले आणि माझ्यातली धूळ मऊ फडक्याने पुसली. उन्हातान्हात माझ्या पेचांवरचे मेण कधीच वितळून गेले होते.

या घरात एक रीत आहे. कळप निघण्याआधी जे जे सैल असेल ते आवळायचे. घोड्यावरच्या सामानाची दोरी, मेंढ्यांभोवती लावायच्या जाळीच्या गाठी, कुऱ्हाडीचा दांडा. दीपिका लहानपणापासून हे करत आली होती.

"आबा, ह्याचे तीन पेच ढिले हायेत."

"ढिले हायेत तर आवळ की. वाटंनं पडले म्हंजे?"

तिने पेचकस घेतला आणि तिन्ही पेच घट्ट आवळले. मग येडबांनी माझे बटन फिरवले. माझ्यातून नुसती खरखर आली. त्यांनी सुई या टोकापासून त्या टोकापर्यंत नेली. मी फार प्रयत्न केला, मित्रांनो, पण एक शब्द माझ्याकडून पोहोचला नाही.

"मुका झाला जनू," येडबा हळूच म्हणाले.

"शिकली-सवरली आन् बोलतं ते मुकं केलं," सरजाबाई म्हणाल्या.

येडबा त्यांच्यावर चिडले नाहीत आणि नातीवरही चिडले नाहीत. त्यांनी मला वेष्टनात घातले आणि नेहमीप्रमाणे खुंटीला लावले. "ऱ्हाऊ दे, बाई. यंदा बिनबोलताच जाऊ," ते नातीला म्हणाले. त्या वाक्याने दीपिकाच्या डोळ्यांत पाणी आले. दुसऱ्याच दिवशी मला ओढणीत गुंडाळून ती परभणीच्या एसटीत बसली.

कॉलेजचे वर्ग अजून भरायचे होते. प्रयोगशाळा मात्र प्रकल्पांसाठी उघडी होती. मला टेबलावर पाहून तिचा वर्गमित्र रामप्रसाद म्हणाला, "उत्खननात सापडला का गं?" हा विषय शिकवणाऱ्या राजेश्री मॅडमनी मात्र मला दोन्ही हातांनी उचलले आणि आत पाहिले. मग त्यांनी दीपिकाला विचारले, "किती फेरे आवळलेस, आठवतंय?"

"नाही, मॅडम."

"मग आलीस त्या वाटेनं परत जाता येणार नाही. बाहेरून कुठलंही स्टेशन येऊ दे, रेडिओ आत त्याला एकाच ठरलेल्या फ्रीक्वेन्सीवर आणतो. ह्या तीन डब्या त्या एकीसाठीच जुळवलेल्या असतात. तू आवळल्यास आणि तिघी तीन दिशांना गेल्या."

"म्हणजे मेंढरांच्या वाड्याला एकामागं एक तीन फाटकं, आणि तिन्ही वेगळ्या बाजूला उघडी."

"तसंच. मग मेंढरू जाणार कुठून?"

दीपिकाने कपाळावर हात मारला. रेडिओच्या आतल्या रचनेची हीच आकृती तिने परीक्षेत न चुकता काढली होती, सगळे चौकोन आणि सगळे बाण. ते चौकोन आपल्या घरातल्या खुंटीला टांगलेले आहेत, हे मात्र तिला आज उमगले.

मॅडमनी मला दुरुस्त करून दिले नाही. "काम तुझं आहे," एवढेच म्हणून त्या शेजारी खुर्ची घेऊन बसल्या. लोखंडी पेचकस जवळ आला की माझ्या डब्या बिचकतात आणि जुळणी बिघडते, म्हणून दीपिकाने बांबूची काडी तासून तिचे पाते केले. तासण्याची तिच्या हाताला घरापासूनची सवय होती. मग तिने यंत्रातून ठरलेला संकेत माझ्यात सोडला, शेवटच्या डबीपासून सुरुवात केली आणि संकेताचा जोर पट्ट्याने दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपच्या पडद्याकडे पाहत पेच कणाकणाने सैल केला. पडद्यावरचा हिरवा पट्टा फुगला, मग पुन्हा रोडावला. ती थांबली, थोडी मागे आली, पट्टा पुन्हा भरला. रामप्रसादची थट्टा तोवर बंद झाली होती आणि तो तिच्यासाठी दिवा धरून उभा होता.

तिसरा पेच मात्र हलेना. घरी ज्या घट्ट आवळण्याचा तिला अभिमान वाटला होता, त्यानेच तो अडकला होता. जोर लावला असता तर तो फुटला असता आणि माझी गोष्ट इथेच संपली असती.

"रामप्रसाद, दिवा जवळ आण," ती म्हणाली. दिव्याच्या उबेत तिने मला बराच वेळ ठेवले. मग काडी लावली आणि पेच न फिरवता नुसता इकडेतिकडे डोलवला. अखेर तो एक केसभर सरकला, मग आणखी थोडा.

पडद्यावर हिरवा पट्टा काठोकाठ भरला. दीपिकाने सुई फिरवली आणि माझ्यातून परभणी केंद्रावरच्या निवेदिकेचा आवाज आला, हरभऱ्याच्या पेरणीबद्दल सांगणारा. मॅडमनी टेबलाच्या खणातून मेणबत्ती काढून दिली, आणि जुळलेले पेच पुन्हा हलू नयेत म्हणून दीपिकाने त्यांवर तीन थेंब सोडले. कारखान्यातल्या बाईंचे काम मला त्या क्षणी समजले.

ती घरी पोहोचली तेव्हा कळप निघायच्या तयारीत होता. येडबांनी मला खांद्याला लावले आणि सवयीने बोटे फिरवून माझ्या झाकणाचा ढिला पेच शोधला. तिथेच त्यांचा हात थांबला.

"ह्यो आवळू का, बाई?"

"तो आवळा, आबा. तो झाकणाचा हाय. आतले तेवढे ढिलेच ऱ्हाऊ द्या."

त्यांनी पेच आवळला आणि माझे बटन फिरवले. मी बोललो. येडबा जरा वेळ ऐकत राहिले, मग मेंढ्यांकडे वळता वळता म्हणाले, "चार वर्सं लागत्यात तर लागू दे."

मित्रांनो, उपदेश करण्याइतका मी मोठा नाही. पण जुन्या वस्तूला हात लावाल तेव्हा ती तशी का आहे, एवढे आधी विचारा. झाकण जरूर उघडा. दीपिकाने उघडले नसते, तर मी कोण आहे हे मलाही कळले नसते. फक्त आत मेणाचा थेंब दिसला, तर कोणीतरी तिथे कान देऊन काम केले आहे, हे ओळखा आणि बोट मागे घ्या.

आता मला थांबायला हवे. बातम्यांची वेळ झाली आहे आणि येडबांचे बोट बटनाकडे येते आहे.