दसऱ्याची किक

प्रणोतीनं हेडलाइटचा शेवटचा स्क्रू काढला, काच अलगद बाजूला ठेवली आणि आतलं दृश्य पाहून चक्क शिट्टी वाजवली. या जुन्या मोटारसायकलच्या सगळ्या तारांचा बाजार हेडलाइटच्या डब्यातच भरतो, आणि तो बाजार पार उठला होता. तांब्यावर हिरव्या भुकटीचे थर चढले होते. एका तारेला तिनं नुसतं बोट लावलं, तर ती तुटून हातातच आली.

"बाबा, चोर सापडला!"

नीलकंठराव ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. गेल्या दसऱ्याच्या आठवड्यात त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, थंडीत गाडी बंद पडली, आणि तेव्हापासून रांझी वस्तीतल्या या अंगणात माणूस आणि गाडी दोघंही एका जागी बसून होती. ओमती बाजारातल्या मिस्त्रीनं गाडी भंगारात द्या म्हणून सांगितलं होतं. त्यावर फॅक्टरीत पस्तीस वर्षं काढलेला हा माणूस चक्क मान डोलावून मोकळा झाला. दसऱ्यापर्यंत सुरू झाली तर ठीक, नाहीतर दुसऱ्या दिवशी भंगारवाला. तंत्रनिकेतनात पोरांना वायरिंग शिकवणाऱ्या मुलीला हे चांगलंच झोंबलं होतं. आणि आज दसरा होता.

"होईल का गं सुरू?"

"होईल का म्हणजे? तुम्ही बस देखते जाओ."

तिनं एकेक तार कापायला घेतली. कापायची, वरचं प्लास्टिक सोलायचं आणि तांबं पाहायचं. काळं निघालं की अजून कापायचं. चार तारा पटकन उजळ निघाल्या. पाचवी मात्र हट्टी होती. वीतभर कापली तरी काळीच. प्रणोतीच्या कपाळावर घाम आला, पण मजाही वाटत होती. शेवटी लालसर तांबं लखकन दिसलं, तशी ती स्वतःशीच हसली. नव्या तारांचे तुकडे जोडून तिनं सांधे सोल्डर केले आणि त्यांवर प्लास्टिकच्या स्लीव्ह चढवल्या.

डबा पुसताना तळाशी नारळाच्या शेंडीचे धागे सापडले. त्यांना हळदीचा पिवळा लगदा चिकटला होता. प्रणोतीचा हात थांबला.

आई! दर दसऱ्याला गाडीपुढं नारळ फोडून त्याचं सगळं पाणी आई हेडलाइटवर ओतायची. वाट दिवा दाखवतो, तर मान दिव्याचा, असा तिचा हिशेब. एकदा ट्रकनं धडक देऊनही नीलकंठराव नुसते खरचटून घरी आले, त्याचं श्रेय तिनं त्या नारळालाच दिलं होतं. आता तुझ्याच पाण्यानं गाडी मेली, हे तिला सांगायचं कोणी? आणि नाही सांगितलं, तर आजची सगळी मेहनत संध्याकाळीच पाण्यात. शिवाय एक कोडं उरतंच होतं. दरसाल हे पाणी पिऊनही गाडी तीस वर्षं चालली कशी?

कोडं बाजूला ठेवून तिनं किक मारली. पहिली फुकट गेली. दुसऱ्या किकला गाडी नुसतीच खोकली. तिसऱ्या किकला मात्र असा आवाज फुटला की शेजारची माणसं दारात आली. नीलकंठराव काठी विसरून उभे राहिले होते आणि त्यांचे डोळे भरून आले होते.

"अरे वा! चलो, सीमोल्लंघनाला मी मागं बसतो."

"थांबा, थांबा! पूजा केल्याशिवाय कुठं चालले?" आई तबक घेऊन धावतच आली. साठी आली तरी सगळं रांझी तिला बेबी म्हणतं, आणि धावतेही ती तशीच. तिनं झेंडूची माळ घातली, नारळ फोडला आणि पाण्याची वाटी उचलली.

"आई, ऐक ना..."

प्रणोतीच्या खांद्यावर मागून हात पडला आणि जरासा दाबला गेला.

"ओत, बेबी," नीलकंठराव म्हणाले. "चांगलं भरपूर ओत."

आईनं मनसोक्त पाणी ओतलं आणि हात जोडले. प्रणोतीला वाटलं, बाबांना वेड लागलं. त्यांना मागं बसवून ती चिडूनच निघाली. घर दिसेनासं होताच मागून आवाज आला.

"इथं थांबव. बंद कर."

नीलकंठराव हळूहळू उतरले. खिशातून त्यांनी स्क्रू ड्रायव्हर आणि मऊ सुती फडकं काढलं.

"काच काढ. आधी खालून पूस, पाणी तिथंच बसते. मग जरा वाऱ्याला धर."

प्रणोती त्यांच्याकडे बघतच राहिली.

"तुम्हाला माहीत होतं?"

"लग्नानंतरच्या पहिल्या दसऱ्यापासून. गेल्या साली मी पलंगावर. कोण पुसणार?"

"मग इतकी वर्षं तिला काहून नाही सांगितलं?"

नीलकंठरावांनी फडकं तिच्या हातात दिलं.

"त्यात सांगायचं काय, पोरी? पाच मिनिटं तर लागतात पुसायला."