बसव्वा आणि लेथ मशीन

कोल्हापूर स्टेशनामागच्या जुन्या रेल्वे वर्कशॉपात रुद्राप्पानं उभी हयात काढली. ते बंद पडलं तेव्हा सगळे हळहळले. त्याची बायको बसव्वा एकटीच मनातून सुखावली. नवरा आता कुठं तिच्या वाट्याला आला होता. दोघं मिळून मंडईत जात, इचलकरंजीला लेकीकडं चार दिवस राहून येत.

मग वर्कशॉपचं संग्रहालय करायचं ठरलं. त्या कामावरची अनुजा घरी आली. "काका, जुनी लेथ मशीन परत फिरवायचीय. तुम्ही हवेत."

दुसऱ्या दिवसापासून रुद्राप्पा सकाळीच गायब. घरी आला की जेवतानाही मशीनचंच कौतुक. "गंज खरवडला, तर आतनं कशी झळकतीया, बघायला पायजे तू!"

लग्न झाल्यापासून बसव्वाकडं बघून तो असं एकदाही बोलला नव्हता. एकदा तर तिचं धुऊन ठेवलेलं मऊ लुगडं फाडून त्यानं मशीन पुसायला नेलं.

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तिला घरी न्यायला तो दवाखान्यात येणार होता. आलाच नाही. शेवटी शेजारची सलमा रिक्षा घेऊन आली.

"घरला नगं," बसव्वा म्हणाली. "वर्कशॉपाकडं घे."

शेडमध्ये माणसं जमली होती. लेथ फिरत होती आणि रुद्राप्पा तिच्याकडं लहान पोरागत हसून बघत होता. अनुजा शूटिंग करत होती. डोळ्याला पट्टी बांधलेल्या बसव्वाला पाहून ती म्हणाली, "काकू, हे का जपायचं, तुम्हीही सांगा ना."

"कशाला जपायचं? पाडा की!" बसव्वा कडाडली. "सवत हाय ही माझी! पोरगी झाली तवा ह्यो हितंच, सासू गेली तवा हितंच. आज माझा डोळा कापला, तरी हितंच!"

रुद्राप्पानं बटण दाबून मशीन बंद केली. "इसरलो गं," एवढंच म्हणाला आणि तिच्याबरोबर निघाला.

मग तो घरातच राहिला. वेळच्या वेळी तिच्या डोळ्यात औषध घालायचा. मशीनचं नाव काढायचा नाही, पण दुसरंही काही बोलायचा नाही. नुसता भिंतीकडं बघत बसायचा. समोर बसलेल्या नवऱ्याचं मन अजून तिकडंच आहे, हे बघून बसव्वा जास्तच जळू लागली.

"जावा की," अखेर ती म्हणाली. "पन मी बी येनार."

आता तो लोकांना लेथ चालवून दाखवतो आणि ती शेजारी खुर्ची टाकून बसते. परवा एका बाईनं तिला विचारलं, "किती सुंदर मशीन आहे, नाही?"

बसव्वानं लेथकडं वरपासून खालपर्यंत निरखून बघितलं.

"असंल," ती म्हणाली. "पन आवाज लई करतीया."