तारहाताच्या शंभराव्याचं जेवण

"ते माझ्या बायकोचं जेवण आहे. तुमच्या मोर्चाचा फलक नाही," कुसाइन म्हणाला आणि पुन्हा जाळ्याच्या गाठी बघू लागला.

नोराइसा तंबूच्या दारातून हलली नाही. छावणीतल्या बायकांनी मुद्दाम तिलाच पुढे धाडलं होतं. ती तारहाताची जिवाभावाची मैत्रीण, तिला कुसाइन हाकलून देणार नाही, हे त्यांना माहीत होतं.

"भाऊजी, ऐकून तर घ्या."

"ऐकलं. तिच्या शंभराव्या दिवसाचं जेवण विधानसभेच्या दारात घालायचं. नाही जमणार. तिचं जेवण तिच्या दारात होईल."

त्याने हे मनाशी केव्हाच ठरवलं होतं. तारहाता गेली ती स्वतःच्या अंगणात. मरळ मासे चिरून उन्हात घालत होती, तेवढ्यात तोफगोळा पडला. कुसाइनने तिला घरामागे नारळीखाली पुरलं, घाईघाईत दुवा म्हटली आणि गावाबरोबर होडीत चढला. मागोमाग दलदलीतून जाणारी वाट बंद झाली. एका अंगाला सरकारी फौज, दुसऱ्या अंगाला बंडखोर आणि मधोमध त्यांचं मारागाय गाव. कबरीच्या उशाशी साधा दगडही लावायचा राहिला होता.

"जाणार कसे तिच्या दारात?" नोराइसाने विचारलं. "नाक्यावर होडी अडवतात. मागच्या महिन्यात तुम्हीच परत आलात ना?"

कुसाइनने आधीच पक्की असलेली गाठ पुन्हा ओढली.

"उद्या अधिवेशनाचा शेवटचा दिवस. उद्या ठराव झाला नाही, तर पुढचं अधिवेशन पावसाळ्यानंतर. तोवर गोळे पडतच राहणार. शांतता करारात कलम आहे, भाऊजी. विधानसभेने मागितलं, की दोन्हीकडच्यांना बंदुका थांबवून बोलायला बसावंच लागतं. त्यांनी नुसतं मागायचंय. तारहाताने तीनदा अर्ज नेला. गावोगाव फिरून बायकांचे अंगठे घेतले होते तिने. तीनही वेळा काय ऐकलं? सचिवाकडे ठेवा, उत्तर कळवू. सभापतीचं तोंडसुद्धा दिसलं नाही."

"मग आता कसं दिसेल?"

"अर्ज घेऊन आलो की तो मागच्या दाराने जातो. मयताच्या जेवणाचं आमंत्रण आलं तर जाईल? लोक तोंडात शेण घालतील त्याच्या. शिवाय आमंत्रण मी त्याला देणारच नाही. त्याच्या आईला देणार."

कुसाइनने मान वर केली. असला डोकेबाजपणा तारहाताचाच. ती असती तर हेच म्हणाली असती, आणि तेही त्याला न विचारता.

"भात मी करणार," तो म्हणाला. "पिवळा भात तिच्याच पद्धतीने. त्यात कुणी हात घालायचा नाही."

"घ्या! तुम्हाला येतो का?"

"तीस वर्षं खाल्लाय."

"खाल्लाय तर आम्हीही," नोराइसा म्हणाली आणि वळली. तंबूबाहेर खोळंबलेल्या बायकांनी तिचा चेहरा बघितला आणि कुणी कोंबड्या आणायला, कुणी केळीची पानं तोडायला निघाल्या.

दुसऱ्या दिवशी विधानसभेसमोरच्या झाडांखाली चटया पसरल्या. पहारेकऱ्याने हटकलं, तेव्हा नोराइसाने त्याच्या हातात पानात बांधलेला भात ठेवला. "मयताचं जेवण आहे, बाळा. नाही म्हणू नये." त्याने एकदा मागे बघितलं आणि बसून घेतलं.

मग आमदार येऊ लागले. आधी दोघं, मग घोळक्याने. सगळ्यांत शेवटी सभापती दातू पाकिलान आला, तो आईच्या चाकांच्या खुर्चीमागे चालत. म्हातारी बाई आंबोलोद वाळल्या लाकडासारखी झाली होती, पण आवाज खणखणीत.

"तारहाताचा नवरा कोण?"

कुसाइन पुढे झाला.

"तिच्या आईला मी ओळखत होते. भांडकुदळ बाई. मुलगी तशीच होती का?"

"त्याहून जास्त," कुसाइन म्हणाला.

"मग बरं होतं," म्हातारी म्हणाली आणि तिने स्वतःला खुर्चीतून चटईवर उतरवून घेतलं.

जेवण झालं. बायकांनी अर्जाचा शब्द काढला नाही. जेवत्या माणसाकडे काही मागायचं नाही, हा तारहाताचा नियम होता. भात खाली लागला होता, त्याचा करपट वास साऱ्या भाताला आला होता. तरी सगळ्यांनी निमूटपणे खाल्ला. सभापतीने दोनदा घेतला.

दुवा झाल्यावर इमामांनी नेहमीचं विचारलं, "मयताकडे कुणाचं काही राहिलं असेल तर सांगा. मयताचं कुणाकडे राहिलं असेल तर तेही सांगा."

असं विचारल्यावर बहुतेक वेळा कुणी बोलत नाही. लोक उठायला लागतात. सभापतीने गुडघ्यावर हात टेकलाही होता.

"राहिलंय," कुसाइन म्हणाला.

आपला आवाज इतका मोठा येईल असं त्यालाही वाटलं नव्हतं. "माझ्या बायकोचं एक उत्तर राहिलंय. या इमारतीकडे. तीनदा अर्ज दिला, तीनदा कळवतो म्हणाले. ती वाट बघत गेली. आता मी वारस आहे. मला द्या."

सभापती कसंनुसं हसला. "काका, तुमचं दुःख समजतं. पण आजचा दिवस प्रार्थनेचा आहे. राजकारण नंतर..."

"पाकिलान," म्हातारी म्हणाली.

"आई, हे..."

"तुझ्या बापाच्या शंभराव्याला एक माणूस उठला होता. म्हणाला, माझी म्हैस तुमच्याकडे राहिलीय. ना साक्षीदार, ना कागद. तू काय केलंस?"

सभापती चटईकडे बघू लागला.

"सांग की सगळ्यांना."

"सोडून दिली."

"गाभण म्हैस दावं सोडून दिलीस, कारण बापावर बोजा नको. हा तर नुसतं उत्तर मागतोय. दे आणि मोकळा हो. की माझ्या शंभराव्याला ही सगळी माणसं उठून उभी राहायला हवीत?"

एका बाईने तोंडाला पदर लावला. आमदारांतलं कुणी हसलं, मग खोकला काढला. सभापतीने आईकडे बघितलं, कुसाइनकडे बघितलं आणि हात धुवायला पाणी मागितलं.

"दुपारी घेतो ठराव," तो म्हणाला.

"घेतो म्हणजे?" कुसाइनने विचारलं.

"मताला टाकतो. पहिलंच काम."

बायका चटया गुंडाळून आत गेल्या आणि प्रेक्षकांच्या बाकांवर दाटीवाटीने बसल्या. कुसाइन बाहेर राहिला. त्याला भांडी घासायची होती. नळाखाली मोठं पातेलं ओढून तो तळाशी चिकटलेली खरपुडी उलथन्याने सोडवू लागला. ती फेकायची नव्हती. तारहाताला खरपुडी फार आवडायची, दोघांची त्यावरून रोज ओढाताण व्हायची.

नोराइसा आली तेव्हा तो ती पानात बांधत होता.

"झालं, भाऊजी! दोघं विरुद्ध, बाकी सगळे बाजूने. जुम्म्यापासून बंदुका बंद. नाका उघडणार."

कुसाइनने पानाची गाठ पक्की केली.

"मग हे पातेलं घेऊन जातो. तिच्या दारात पुन्हा करायचंय."

"शंभरावा दोनदा?"

"आजचा तुमचा होता. तो माझा."

"करा," नोराइसा पातेल्याचा दुसरा कान धरत म्हणाली, "पण भात मी लावणार. तिच्या कबरीशी करपलेला वास न्याल, तर उठून बसेल ती."